खिडकीची सीट

टोरांटो ते दिल्ली चौदा तास. मी झोपेची गोळी घेतली आणि त्यातले बारा तास ढाराढूर झोपलो. माझी बायको उषा खिडकीशी, मी शेजारी, येण्याजाण्याच्या वाटेवर. उज्जैनला परतल्यावर ही झोप मी आमच्या फ्रीगंज मोहल्लाभर सांगत सुटलो. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाकडे दुसरं सांगायला असतं काय?

तिसऱ्या दिवशी उषा म्हणाली, "अहो, डावी चप्पल घट्ट होतेय. पोटरीही दुखतेय."

"नस चढली असेल. संध्याकाळी तेल चोळून देतो. आणि लेकाकडे चीज खाऊन फुगलीस, चल, नवी चप्पल घेऊ." मोठा शहाणा मी!

टावर चौकातल्या दुकानदाराने चार जोड काढले. उजव्या पायात सगळे बसले, डाव्यात एकही नाही. तो थांबला. "बाबूजी, एक ही पैर सूजा है. पहले डॉक्टर को दिखाओ."

मला रागच आला. आलेलं गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. तरी गेलो.

सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ दिसली. "पाय चोळला नाहीत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "गाठ सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं."

संध्याकाळ व्हायला दोनच तास होते. उषाला लगेच भरती केलं, इंजेक्शनं सुरू झाली.

"विमानात मधूनमधून उठलात का? पाणी प्यायलात?"

उषा म्हणाली, "पाणी प्यायलं की उठावं लागतं. हे झोपले होते. उठवलं की चिडतात."

चिडतो. बेचाळीस वर्षं चिडतोय.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी नाही, गोळ्या चुकवू नका, थोडं थोडं चालत राहा. त्या दुपारी मी खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय टाकले आणि पेंगलो. जाग आली तर उषा पलंगाच्या कडेला बसलेली. दाराकडची वाट माझ्या पायांनी अडली होती.

"कधीची बसलीयेस?"

"झाला असेल अर्धा तास. बाथरूमला जायचं होतं. तुमचा डोळा लागला होता ना."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. "अगं, उठवत जा ना मला," म्हटलं आणि पाय काढून घेतले.