माळढोकाच्या मापाचे कपाट

मित्रांनो, मी एक जुने काचेचे कपाट आहे आणि मला राग आलेला आहे. जुनी छत्री, जुना कंदील, जुनी सायकल आपली गोष्ट सांगताना हळहळतात, उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मी बारा वर्षे दातओठ खात उभे आहे, आणि दातओठ नसताना ते किती अवघड असते हे तुम्हाला कळायचे नाही.

एरंडोलहून अमळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातील हायस्कुलात माझा मुक्काम आहे. शाळेचे नाव मी सांगणार नाही. नाव सांगितले की लोक म्हणतात, "अरेरे, त्या शाळेत असे झाले!" आणि मग स्वतःच्या शाळेकडे पाहायचे विसरतात.

माझा जन्म १९८६ सालच्या मार्च महिन्यात हाशम मिस्त्रींच्या हातून झाला. माझे सागवान त्याआधी कापसाच्या एका जिनिंगच्या कचेरीचे दार होते. दार म्हणून त्याने कितीतरी वर्षे माणसे आत घेतली आणि बाहेर सोडली. बाहेर सोडणे हे दाराचे अर्धे काम असते. मिस्त्रींनी ते कापून माझी चौकट केली, तेव्हा ते अर्धे काम भुशाबरोबर झाडले गेले.

मला कशासाठी बनवले ते आधी सांगते. त्या वर्षी फेब्रुवारीत कौतिक नावाच्या शेतकऱ्याला आपल्या हरभऱ्यात, विजेच्या तारांखाली, एक मोठा पक्षी पडलेला दिसला. त्याचा पंख लोंबत होता. कौतिकने त्याला धोतरात गुंडाळले आणि बैलगाडीतून शाळेत आणले, कारण विज्ञानाचे शालिग्राम सर पाखरांचे जाणकार म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. सरांनी पुस्तक काढले, पाने उलटली आणि एका चित्रावर बोट ठेवले. तो माळढोक होता. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चालणे असे की एखादे वयस्क पाहुणे अंगणात येत आहेत असे वाटावे.

सर म्हणाले, "आपल्या माळावर नऊ वर्षांत माळढोक कोणी पाहिलेला नाही. हा शेवटचाच असणार."

मित्रांनो, एखादा जीव शेवटचा आहे असे कळल्यावर माणसाने काय करावे? डॉक्टर बोलवावा, की पाणी पाजावे, की त्याच्या जातीचा आणखी कोणी कुठे उरला आहे का ते शोधायला निघावे? आमच्या संस्थेचे चेअरमन गिरधर आबा यांनी सुताराला निरोप धाडला.

हाशम मिस्त्री टेप घेऊन आले. शाळेच्या शिपाई धुरपदाबाई पक्ष्याला मांडीशी घेऊन प्रयोगशाळेत बसल्या होत्या. मिस्त्री दारातच थबकले.

"आबा, हा तर जिवंत आहे. माप कशाचं घेऊ?"

"ह्याचंच घ्या, हाशमभाई. पेंढा भरून ठेवायचाय. पंख मोडलेला पक्षी किती दिवस काढणार? एक मेला कपाटाचं उद्घाटन आहे, पाहुणे जळगावहून येणार आहेत. पत्रिका छापायला टाकली."

मिस्त्रींनी माप घेतले. मान वर केल्यावर पावणेचार फूट. पक्ष्याने टेपाचे टोक चोचीत धरून पाहिले आणि सोडून दिले. माझे पहिले माप हे असे आहे. कफनाचे माप घेतानासुद्धा माणसे आधी मरणाची वाट पाहतात हो!

मिस्त्री कामाला पक्के. त्यांनी जाड काच घातली, कडांच्या फटी पुटीनने बुजवल्या, दाराला आतून जाड लोकरी बनातीची पट्टी लावली आणि पितळी कुलूप बसवले. "पेंढा भरलेल्या जनावराला कसर, कीड लागते. ह्यात मुंगीसुद्धा जाणार नाही," असे ते छाती पुढे काढून सांगत. जो येई तो माझ्यावर टकटक करून म्हणे, वा, काय मजबूत काम! मीही फुगून गेले होते. त्या फुगण्याची मला आज इतकी लाज वाटते की त्यावर आणखी बोलत नाही.

मार्चअखेर मला प्रयोगशाळेत आणून ठेवले. पक्षी तिथेच राहत होता. आणि मित्रांनो, तो मरेना. धुरपदाबाई सकाळी शाळा झाडायच्या आधी बांधावर जाऊन नाकतोडे पकडून आणत. कधी बोरे, कधी भुईमुगाच्या शेंगा. पंखाला त्यांनी हळदीचा लेप लावून बांबूच्या कांबीने बांधले होते. "सर, त्यानी आज बठ्ठ्या शेंगा खाई टाक्यात!" असे त्या रिकामी टोपली दाखवत शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगत, तेव्हा सर खुश होत आणि आबा घड्याळ पाहत.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. रोज सकाळी खिडकीतून ऊन आले की माझ्या काचेत त्या पक्ष्याला दुसरा माळढोक दिसायचा. तो हळूहळू चालत येई, माझ्यासमोर उभा राही, मान फुगवी आणि खोल आवाजात घुमे. मग वाट पाही. पलीकडचा उत्तर देत नसे, तरी दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. नऊ वर्षांत त्याला आपल्या जातीचे कोणी भेटले होते की नाही, कोण जाणे. माझ्यात त्याला सोबत दिसली. मला तेव्हा फार बरे वाटायचे.

वनखात्याला कळवायचे पत्र शालिग्राम सरांनी लिहून ठेवले होते. त्यावर आबांची सही हवी होती. आबा म्हणाले, "उद्घाटन होऊ द्या. आत्ताच कळवलं तर ते घेऊन जातील." पत्र टेबलावर पेपरवेटखाली राहिले. सरांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, म्हणून सरांनी पुन्हा विचारले नाही.

अठ्ठावीस एप्रिलला बुऱ्हाणपूरहून नूर महंमद आले. पेंढा भरण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. त्यांनी पिशवीतून सुया, तारा, काचेचे डोळे काढले. तेवढ्यात पक्षी चालत आला आणि त्यांच्या हातातली शेंग घेऊन गेला. नूर महंमद हसले, आणि सगळे सामान परत पिशवीत भरले.

"आबा, मी मेलेल्या जनावराचा कारागीर आहे. हे तर खातंय, पितंय. ह्याला जगू द्या."

ते दुपारच्या एसटीने परत गेले. मला वाटले, सुटलो आपण दोघेही. पण पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. पत्रिकेत लिहिले होते, 'काचेच्या कपाटातील दुर्मिळ माळढोक पक्ष्याचे अनावरण'. छापलेले खोटे कसे पडू द्यायचे? आबांनी विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग जिवंतच ठेवू की कपाटात! अर्ध्या तासाचा प्रश्न. उलट जास्त शोभा येईल."

"आबा, आत हवा..." सर एवढेच म्हणाले.

"काय?"

"काही नाही. ठीक आहे."

मित्रांनो, माझा राग आबांवर आहेच. पण त्याहून मोठा राग 'ठीक आहे' ह्या दोन शब्दांवर आहे. आबांना कळत नव्हते. सरांना कळत होते. बंद जागेत जीव का गुदमरतो, हे ते आठवीला शिकवत. फळ्यावर आकृती काढून शिकवत.

एक मे उजाडला. झेंडावंदन झाले, निकाल वाचले गेले. नऊ वाजता धुरपदाबाईंना पाणी भरायला पाठवून पक्ष्याला माझ्यात ठेवले, कुलूप लावले, किल्ली आबांच्या जाकिटाच्या खिशात गेली. मला उचलून पटांगणात ठेवले आणि वर लाल मखमली पडदा टाकला. मांडवाची सावली होती, पण ती पाहुण्यांच्या खुर्च्यांपुरती. खान्देशातले मे महिन्याचे ऊन तुम्हाला मी काय सांगू? माझी काच हात लावू देईना. पक्षी आधी उभा होता. मग त्याने चोच उघडली आणि धापा टाकू लागला. त्याच्या श्वासाने माझी काच आतून ओली झाली. मी सगळीकडून घट्ट बंद होते. मुंगीसुद्धा जाणार नाही, इतके.

पाहुणे साडेअकराला आले. मग स्वागतगीत, मग हार, मग शाल आणि नारळ. माइक शालिग्राम सरांच्या हातात होता. ते म्हणाले, "यानंतर अनावरण." पडदा सरकला. पक्षी कोपऱ्याला टेकून बसला होता, चोच उघडी, डोळे माझ्यातून बाहेर पाहणारे. टाळ्या झाल्या. पाहुणे वाकले, काचेवर बोट टेकवले आणि उद्गारले, "वा! काय हुबेहूब पेंढा भरलाय! डोळे तर अगदी जिवंत वाटतात."

सगळ्यांनी आबांकडे पाहिले. पाहुण्यांची चूक पाहुण्यांच्या तोंडावर कशी दाखवायची? आबांनी हसून हात जोडले. आणि पाहुणे माइकसमोर उभे राहून बोलू लागले. मृत पक्ष्यात असा जीव ओतणारे कलावंत आपल्या खान्देशात आहेत, असे ते म्हणाले. निसर्गाचे जतन करा, असे तीनदा म्हणाले.

तेव्हा मागून धुरपदाबाई ओरडल्या, "आबा, तो जित्ता शे! कुलूप खोला!"

पाहुणे थांबले. आबा त्यांच्या कानाशी झुकून म्हणाले, "बाई जरा भोळी आहे." आणि पुढे होऊन सरांनी माइकवरून सांगितले, "कृपया शांतता राखावी."

धुरपदाबाई व्हरांड्यात धावल्या. तास देण्याची लोखंडी हातोडी घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्यावर घाव घातला. मित्रांनो, त्या क्षणी मी फुटायला हवे होते. माझ्या आयुष्यात करण्यासारखे तेवढे एकच काम होते. पण काच जाड होती. खालपासून वरपर्यंत एक तडा गेला आणि मी तसेच मजबूत उभे राहिले. चार स्वयंसेवकांनी बाईंचे दंड धरून त्यांना फाटकाबाहेर नेले. भाषण पुढे चालू झाले. मग आभारप्रदर्शन झाले. मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, सरबत करणाऱ्यांचे, सगळ्यांचे आभार मानले. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर आबांनी खिशातून किल्ली काढली.

आता तो खरोखरच पेंढा भरण्यायोग्य झाला होता.

नूर महंमदांना पुन्हा बोलावले. ते आले आणि कामाला लागले. काम पुरे झाल्यावर आबा म्हणाले, "चोच बंद करा ना. दमल्यासारखा दिसतो."

"दमलाच होता," नूर महंमद म्हणाले, आणि चोच उघडीच ठेवून निघून गेले. पुढे शिक्षक मुलांना सांगत, की हा पक्षी गातो आहे.

धुरपदाबाईंचे काम सुटले. शालिग्राम सर कायम झाले. हाशम मिस्त्रींना हे सगळे कळले तेव्हा ते न बोलावता आले, आणि माझ्या पाठीला गिरमिटाने नऊ भोके पाडून गेले. एवढ्याशा कामाला त्यांना दुपार लागली, कारण मध्येच ते गिरमिट खाली ठेवून बसत. त्याच भोकांतून पावसाळ्यात कसर शिरली. सातआठ वर्षांत तिने तो पक्षी खाल्ला. आधी मान, मग पंख. पहिली दोन वर्षे तालुक्याच्या शाळा सहली घेऊन मला पाहायला येत. नंतर मला व्हरांड्यात काढले. आज माझ्यात तारेचा सांगाडा आहे, दोन काचेचे डोळे आहेत, आणि कबड्डीच्या ढाली आहेत. आत लावलेल्या पुठ्ठ्यावर अजून वाचता येते, 'आपल्या माळावरील शेवटचा माळढोक. निसर्गाचे जतन करा. उद्घाटन १ मे १९८६.' त्याची मरणाची तारीखही तीच आहे, हे कोणी लिहिले नाही.

यंदा फेब्रुवारीत शाळेत मतदान होते. रांगेत धुरपदाबाई होत्या. केस पार पांढरे झालेले. बोटाला शाई लावून त्या व्हरांड्यात आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. तड्यावरून त्यांनी खालपासून वरपर्यंत बोट फिरवले. शाईचा बारीक डाग लागला. मला त्यांची माफी मागायची तर ती वेळ होती, पण मला बोलता येत नाही. बोलल्या त्याच.

"आखो जोरमा माराले पाहिजे व्हतं मी."

ज्यांनी माफी मागायची ते कोणी कधी इथे फिरकले नाहीत. आली ती एकटी, जिने हातोडी उचलली होती, आणि आणखी जोराने मारले नाही म्हणून तीच स्वतःला दोष देऊन गेली. बारा वर्षांचा माझा राग त्या दिवशी दुप्पट झाला.

आता ऐकते की मला दुरुस्त करणार आहेत. भोके बुजवून, तडा गेलेली काच बदलून मला मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवणार आहेत. मित्रांनो, तुमचे कोणी ऐकत असेल तर त्यांना सांगा, भोके राहू द्या, काच बदलू नका. नवी काच याहून जाड असेल.

आणि कधी काळी माझ्यासारख्या काचेमागे एखादा जीव धापा टाकताना तुम्हाला दिसला, किल्ली कोणाच्या तरी खिशात असली, आणि माइकवरून शांतता राखायला सांगत असले, तर शांतता राखू नका. हाताला लागेल ते उचला आणि जोराने मारा. मी फुटले तर फुटू द्या. त्याचा मला राग येणार नाही.