जगदीशसाठी पुडिंग

विकलेला टेंपो न्यायला कुंभिवलीचा नीलेश येणार होता, म्हणून सुरेखानं त्या दिवशी फार्महाउसवर सुट्टी सांगितली. टेंपो जाताना नवऱ्याजवळ आपण असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

कशेळ्यापासून शिळफाट्यापर्यंत भाजी, विटा, लग्नाची भांडी, काय काय वाहिलं होतं जगदीशनं त्या टेंपोतून. डुलकी लागू नये म्हणून तोंडात कायम गुटखा असायचा. मग जिभेच्या कडेला फोड आला आणि तो काही केल्या बरा होईना. मुंबईच्या हॉस्पिटलात अर्धी जीभ आणि एका बाजूचा जबडा काढला, वरून रेडिएशनचे शेक दिले. आता तो गालावर टॉवेल धरून बसायचा. त्याचं बोलणं सुरेखाशिवाय कुणाला कळत नसे. भाजलेले सुके बोंबील त्याच्या जिवाचे, पण आता चावता येत नव्हतं, मऊ तेवढं कसंबसं गिळायचा.

सुरेखा फार्महाउसवर स्वयंपाक करायची. तिथल्या मॅडमनी तिला ब्रेड पुडिंग शिकवलं होतं. ते तिनं एकदा जगदीशसाठी केलं. त्यानं वाटी रिकामी केली आणि हातानंच ‘मस्त’ अशी खूण केली. तेव्हापासून घरात ते वरचेवर व्हायला लागलं. सासू अंबूबाई त्याला पावाची खीर म्हणायची.

त्या सकाळीही सुरेखानं ब्रेडच्या कडा काढल्या, दूध-साखरेत तुकडे भिजवले, घरच्या कोंबडीची अंडी फेटून घातली, वेलची कुटून टाकली. डबा कुकरमध्ये उकडून काढला. मग वर ओतायच्या सॉससाठी कढईत साखर तांबूस करत ठेवली. तेवढ्यात बाहेर नीलेशनं हाक मारली.

“आई, जरा बघा हां. रंग आला की दूध ओता नि गॅस बंद करा,” असं सासूला सांगून ती चावी घेऊन बाहेर गेली.

नीलेशनं टेंपो चालू केला. एकदम नाही झाला, थोडा गुरगुरला आणि मग धडधडायला लागला. सुरेखानं खिडकीकडे पाहिलं. जगदीश खिडकीत नव्हता. आत भिंतीकडे तोंड करून बसला असणार. टेंपो वळणाआड गेल्यावरही ती बराच वेळ रस्त्यातच उभी राहिली.

घरात आली तर धुराचा वास. अंबूबाई पदरानं डोळे पुसत शेगडीशेजारी बसली होती. जगदीशच्या हातातली वाटी रिकामी होती.

“रंग जरा जास्तीच आला, पण वर ओतून दिलं गं मी त्याला,” अंबूबाई म्हणाली. “खाल्लं समदं. आवडलं म्हणतो.”

जगदीशनं सुरेखाकडे बघून नेहमीसारखा हात हलवला. मस्त.

सुरेखानं कढईत बोट घातलं. सॉस काळाकुट्ट झाला होता. जिभेला लावला आणि तिनं तोंड फिरवलं. कडूजहर. पुन्हा चाखायचीही हिंमत होईना.

सासू गोठ्याकडे गेल्यावर ती नवऱ्यासमोर जाऊन बसली.

“कसं लागलं?”

त्यानं मान डोलावली.

“करपलंय ते. कडू हाय. तुमाला कळलं नाय?”

त्यानं वाटी खाली ठेवली.

“कवापासून कळत नाय?”

तो बोलू लागला. शब्द फुटत नव्हते, तिनं ते जोडून घेतले. “शेक दिले तवापासून. येईल म्हणाले होते चव. नाय आली.”

“मग सांगायचं नाय? मी आपली रोज साखर कमी-जास्त करते, वेलची घालते, जायफळ घालते…”

“तू करतीस. मी खाल्लेलं बघून बरं वाटतं तुला.”

सुरेखाला रागच आला आधी. वाटी उचलून तिनं मोरीत आपटली. मग तिथेच उभी राहून रडली, आवाज न करता, कारण गोठ्यात सासू होती. जगदीश मागे येऊन उभा राहिला. त्यानं टॉवेल काढून तिच्या हातात दिला, डोळे पुसायला. दिवसाउजेडी त्याचा तसला चेहरा ती कितीतरी दिवसांनी बघत होती. तिनं नजर वळवली नाही.

त्यानंतरही ती पुडिंग करत राहिली, कारण ते त्याच्या घशाखाली उतरायचं. फक्त आता वेलची-जायफळ घालायची नाही आणि कसं झालंय असं विचारायची नाही. तोही हात हलवायचा नाही. दोघं शेजारी बसून वाटी संपवायची. कधी तो विचारायचा, आज रस्त्याला गर्दी होती का, आणि ती सांगायची.

भातलावणीच्या सुमारास कॅन्सरची गाठ गळ्यात उतरली. दूधसुद्धा जाईना. नाकातून नळी घातली. नवरात्राच्या आत तो गेला.

दहाव्याला पान वाढायचं होतं. अंबूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, “त्याची पावाची खीर कर गं. लय आवडायची त्याला.”

सुरेखा चुलीपाशी बसली होती. सासूला खरं सांगावं का, असं क्षणभर तिला वाटलं. पण म्हातारीला तेवढाच आधार होता.

“करते, आई,” ती म्हणाली.

तिनं ब्रेड भिजत घातला. मग डब्यातून सुके बोंबील काढले आणि निखाऱ्यावर भाजायला ठेवले.