आईच्या गाण्याचा वेग

शेजारच्या नेरिमानने तान्हे मूल निजवावे तसा तो जुना टेपरेकॉर्डर राजाभाऊंच्या टेबलावर ठेवला. आत तिच्या आईने गायलेल्या तुर्की लोकगीताची एकमेव कॅसेट होती. दूरदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या बाईचे गाणे. आई नेरिमानच्या लहानपणीच गेली. शारजात आल्यावरही ती रोज तो आवाज ऐकत असे. आता यंत्रच मुके झाले होते.

राजाभाऊ तंत्रनिकेतनात शिकलेले. त्यांनी आधी कॅसेट सुखरूप बाहेर काढली, रोल्लाच्या बाजारातून नवा रबरी पट्टा आणला, चाचणीची कॅसेट लावून मोटरचा वेग अचूक जुळवला आणि नेरिमानची कॅसेट परत घालून समाधानाने बटण दाबले.

आवाज आला. तरुण, लगबगीचा, थोडा खट्याळसुद्धा. नेरिमानचा चेहरा उतरला.

"ही माझी आई नाही, अंकल."

"तीच आहे. जुना पट्टा सैल होता, म्हणून इतकी वर्षं गाणं संथ वाजत होतं. हा खरा वेग."

"पण ती थांबत थांबत गायची. प्रत्येक ओळीनंतर दाराकडे बघितल्यासारखी."

राजाभाऊ पुन्हा पट्ट्याचे शास्त्र समजावू लागले, तशा त्यांच्या पत्नी विभावरीताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, तुमचं बरोबर आहे, विषय खलास! पण त्यात पोरीची आई हरवली ना."

वेग मुद्दाम बिघडवायचा! राजाभाऊंनी हयातीत असे काम केले नव्हते. तरी त्यांनी पेचकस उचलला आणि मोटरमागचा बारीक स्क्रू केसभर फिरवला. "कुठे थांबायचं, तुम्ही सांगा."

सूर खाली आला, जडावला. डोळे मिटूनच नेरिमानने हात वर केला.

"हीच."

स्क्रू हलू नये म्हणून राजाभाऊंनी नेहमीप्रमाणे नेलपॉलिश मागितले.

"घ्या! या घरात माझ्या नखांपेक्षा स्क्रूच जास्त नटलेत."

रंगाचा थेंब टेकणार, तोच नेरिमान म्हणाली, "अंकल, थांबा. मघाचं एकदा पुन्हा लावाल? तेव्हा आई माझ्याहूनही लहान असेल. तिला मी अशी कधी ऐकलीच नव्हती."

राजाभाऊंनी ब्रश मागे घेतला. मग स्क्रूच्या कडेला दोन लाल ठिपके दिले. एक खऱ्या वेगापाशी, एक नेरिमानच्या. आपला छोटा पेचकस त्यांनी तिच्या हाती ठेवला.

"हा तुमच्याकडेच राहू दे. कोणती आई आधी ऐकायची?"

पदराला हात पुसत विभावरीताईंनी खुर्ची ओढली. "धाकटी लाव गं आधी."