हळू ओरड

आमच्या देवळातल्या देवाला कमी ऐकू येतं. मी चेष्टा करत नाहीये, आमच्याकडे सगळे असंच मानतात. मूर्ती खूप जुनी आहे. तिचा एक कान केव्हाच झिजून सपाट झालाय आणि दुसऱ्याचा नुसता उंचवटा उरलाय. इतकी वर्षं लोकांचं ऐकून ऐकून दुसरं काय होणार? म्हणून इथे डोळे मिटून ओठ हलवले तर ते मागणं धरतच नाहीत. जे मागायचं ते खणखणीत ओरडून मागायचं. कोणी पुटपुटताना दिसलं की पुजारीकाका म्हणतात, "मनातच ठेवायचं तर घरी काय वाईट होतं?"

आता ओरडलं की मागच्या रांगेलाही ऐकू जाणारच. त्यावरही नियम आहे. ऐकणाऱ्यांनी छताकडे बघायचं आणि ऐकलेलं उंबऱ्याबाहेर बोलायचं नाही. बोलायचं नाही, पण त्यावर काही केलं तर चालतं. शेजारच्या काकूंनी एकदा "सासूबाईंचं घोरणं थांबव रे देवा!" अशी आरोळी ठोकली, तेव्हा सासूबाई रांगेत मागेच उभ्या होत्या. त्यांनी छताकडे बघितलं. संध्याकाळी गुपचूप आपली खाट पलीकडच्या खोलीत नेली. काकू अजून सांगतात, देव पावला म्हणून.

ज्यांना ओरडवत नाही त्यांच्यासाठी 'गळा' असतो. गळा म्हणजे मूर्तीशेजारी उभा राहणारा माणूस. तुम्ही त्याच्या कानात सांगायचं आणि त्याने ते तुमच्याच शब्दांत, 'मी' म्हणूनच, देवाला ओरडून सांगायचं. शब्द बदलायचा नाही, गाळायचाही नाही. आमचा गळा म्हणजे निवृत्त कंडक्टरआजोबा. मागणं संपलं की सवयीने "चला, पुढे सरका!" हेही ते देवाला ऐकवतात. त्या रविवारी नेमका त्यांचा घसा बसला आणि पुजारीकाकांनी थेट मला बोलावणं धाडलं.

मला! मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरी दिली तरी बाई विचारायच्या, "आली नाही का ती आज?" आणि आता शाळेच्या मैदानावर सूचना देताना माईक बंद पडला तरी माझं काही अडत नाही. ही सगळी आत्याची करणी. आमची लाँड्री आहे. मागच्या खोलीत यंत्रं धडधडतात, पुढे काउंटरवर बाबा. आत्याने मला त्या यंत्रांच्या मधोमध उभं केलं आणि कपड्यांवरचे नंबर तिथून बाबांना ओरडून सांगायला लावले.

"ऐकू आलं नाही!" बाबा पुढून म्हणायचे.

"पोटातून काढ गं," आत्या म्हणायची. "घशात काय जपून ठेवलंयस?"

आई गेली तेव्हा मी रांगतही नव्हते. चालायला, बोलायला आणि भांडायला मला आत्यानेच शिकवलं. माझ्यासाठी ती थांबली, लग्नाचं नाव काढलं नाही, हे मला कोणी सांगितलं नाही, पण मी काही कुक्कुलं बाळ नाही.

आणि मग चष्मेवाल्यांचा कोट. चौकातले चष्मेवाले दर आठवड्याला तोच एक कोट धुवायला आणायचे. अख्ख्या गावात इतका स्वच्छ कोट नसेल. आत्या तो उलटापालटा करून विचारायची, "डाग कुठंय?" ते म्हणायचे, "नीट बघा, असेल कुठेतरी." आणि दोघं मिळून नसलेला डाग शोधत बसायचे. आता चष्मेवाल्यांनी दुसऱ्या शहरात मोठं दुकान घेतलंय आणि लवकरच ते कायमचे जाणार आहेत. त्यांनी आत्याला विचारलं, "याल का माझ्याबरोबर?" आत्या म्हणाली, "बघू." मला कसं माहीत? हँगरांच्या मागे उभं राहिलं की माणूस दिसत नाही.

तेव्हापासून मी रोज म्हणत होते, आत्या, नाहीच म्हण. अर्थात मनातल्या मनात, म्हणजे देवाला ऐकू जायचा प्रश्नच नव्हता.

तर त्या रविवारी मी गळा झाले आणि खरं सांगते, मजा आली. कोणाचा गुडघा, कोणाची बढती, कोणाचं हरवलेलं मांजर, सगळं मी असं ठणकावून सांगितलं की पारव्यांनी देऊळ सोडलं. पलीकडे बाबा शिडीवर उभे राहून गाभाऱ्याचा धुतलेला पडदा कड्यांत अडकवत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघून ऐटीत मिशी फिरवत होते.

मग रांगेत पुढे आली ती आत्या.

मला बघून ती थबकलीच. "तू? आजोबा कुठायत?"

"घसा बसलाय. सांग, काय मागायचंय?"

तिने शिडीकडे बघितलं, मग दाराकडे. वळलीसुद्धा. पण मागून पुजारीकाका म्हणाले, "आलाच आहात तर सांगून जा. रांग मोडू नका."

आत्या माझ्या कानाशी वाकली. दुसऱ्याचा शर्ट हरवला की हिचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो, आणि आता कुजबुजही धड निघेना. "सगळ्यांना सुखी ठेव," ती म्हणाली.

मी ओरडले. "सगळ्यांना सुखी ठेव!"

"हे त्याला पाठ आहे," पुजारीकाका म्हणाले. "स्वतःचं काही?"

आत्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली, जणू त्यातून अजून पाणी निघणार होतं. मग पुन्हा वाकली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "हळू ओरड हं."

"हळू ओरडायचं म्हणजे कसं गं?"

"मला काय माहीत! तू गळा आहेस ना?"

तिचे शब्द आता फक्त माझ्या कानात होते. तिथेच राहिले असते तर? मी "तब्येत चांगली ठेव" असं काहीतरी ठोकून दिलं असतं तर देवाला कळलं नसतं, बाबांनाही नाही. आत्याला कळलं असतं, पण तिने तोंडातून ब्र काढला नसता. सोमवारी यंत्रं सुरू झाली असती आणि ती माझ्या शेजारी असती. मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे गच्च मिटले होते, लहानपणी मी इंजेक्शनच्या वेळी मिटायचे तसे.

मी पोटातून आवाज काढला.

"मला चष्मेवाल्यांबरोबर जायचंय! पण माझी पोर अजून शाळेत आहे, आणि दादाला बाहीची इस्त्री जमत नाही! त्यांचं अडणार असेल तर मी जाणार नाही! त्यांचं अडू नये असं कर!"

मैदानावर कधी न फाटलेला माझा आवाज 'माझी पोर' म्हणताना फाटला.

"मधलं नीट ऐकू आलं नाही," पुजारीकाका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नियम म्हणजे नियम.

मी पुन्हा ओरडले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आधीपेक्षा मोठ्याने. शिडीवरून पडद्याची कडी खाली पडली आणि घरंगळत माझ्या पायाशी आली. अख्खी रांग छताकडे बघत होती. बाबाही.

घरी कोणी काही बोललं नाही. बोलायचंच नसतं. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर काउंटर रिकामा आणि बाबा मागे इस्त्रीशी झटापट करत होते.

"दादा, काय चाललंय?" आत्या म्हणाली.

"बाही."

"दोन घड्या पडल्यात तिला."

"पडू देत. गिऱ्हाइकाला एकावर एक फुकट."

आठवडाभर त्यांनी जुन्या चादरी, माझे गणवेश, स्वतःचे सदरे, जे हाताला लागेल ते इस्त्री केलं. बोट भाजलं तरी हूं की चूं नाही. मीही भात लावायला शिकले. पहिल्या दिवशी तो चमच्याला सोडेना, पण आत्याने मुकाट्याने खाल्ला.

पुढच्या रविवारीही आजोबांचा घसा बसलेलाच होता. (निदान ते तसं म्हणत होते, कानाला मफलर गुंडाळून, कुणाशीतरी मोठमोठ्याने हसत.) रांगेत बाबा आले. ते कधीच काही मागत नाहीत. वाकून माझ्या कानात म्हणाले, "सांग तिला, आमचं अडणार नाही."

"बाबा, इथे देवाला सांगतात."

"देवालाच सांग ना. पण जोरात सांग. ती तिकडे चपला काढतेय."

मी इतका मोठा श्वास घेतला की पारवे आधीच उडाले. "आमचं अडणार नाही!"

सगळ्यांनी छताकडे बघितलं. आणि तिकडून, चपलांच्या ढिगाजवळून, कोणत्याही गळ्याशिवाय, आत्याचा स्वतःचा, आमच्या लाँड्रीतला आवाज आला.

"अजून दोन घड्या पडतात! ते जमू दे, मग जाते!"