हळू जायची ताकद

मी मोटारीच्या पोटातला एक भाग बोलतो आहे. मला सहसा कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे ओळख करून द्यावी लागते. आणि ती करून देतानाच निम्मे लोक उठून जातात. तुम्ही बसलात, आभारी आहे.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा मिसळतात. ते मिश्रण इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांना वाटून देणारा जो नळ्यांचा पंजा असतो, तो मी. गॅरेजात मला मॅनिफोल्ड म्हणतात. माझ्या नळ्या लांब आणि अरुंद आहेत. अरुंद वाटेने मिश्रण जोरात धावतं, म्हणून इंजिन अगदी हळू फिरत असलं तरी त्याच्या अंगात दम राहतो. निदान माझी तशी समजूत आहे. भरधाव वेगात मात्र मी कमी पडतो. हे माझ्याविषयी कोणीही सांगेल, म्हणून आधी मीच सांगून टाकतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका ओतशाळेत झाला. तिथून हैदराबादच्या एका जमीनदाराकडे काळ्या, लांबलचक मोटारीत बसून आलो. पुढे जमीनदारी गेली, मोटार उरली, आणि ती हुमनाबादच्या रेवणप्पा या तुरीच्या व्यापाऱ्याने घेतली. मग छप्पन्न साली एका सकाळी आम्ही हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. त्यासाठी जागचं हलावंही लागलं नाही. इतका सुखाचा प्रवास मी पुन्हा केला नाही.

रेवणप्पाला सगळीकडे लवकर पोचायचं असे. हैदराबादला पोचून तो दिवसभर एका दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसे, पण पोचायचं मात्र लवकर. त्याने नागप्पा मिस्त्रीला गाठलं. नागप्पाचं हमरस्त्यावर गॅरेज होतं आणि प्रत्येक गोष्टीवर ठाम मत होतं. अशी माणसं मला नेहमी घाबरवतात.

"पाईप बारीक हाय म्हनून गाडी पळंना," नागप्पाने निकाल दिला. "मोठा बसीवतो. हत्तीची सोंड बघा नुसती!"

मी निघालो आणि फळीवर गेलो. माझ्या जागी आखूड, रुंद नळ्यांचा एक रुबाबदार गृहस्थ बसला. हमरस्त्यावर गाडी खरोखरच सुसाट पळू लागली. त्या गृहस्थाविषयी मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायचं आहे, पण मत्सर वाटेल.

एवढंच सांगतो, की तो आल्यापासून गाडीला हळू चालता येईना. वेग कमी केला की उचकी लागे, आणि उचकीनंतर ती गप्प होई. रेवणप्पाला त्याचं काय! पण गाडी काळी आणि ऐटबाज, म्हणून लग्नसराईत तिला वरातीची मागणी असे. वरात चालते वाजंत्र्यांच्या मागे, माणसाच्या पावलाने. त्यामुळे नवरदेव आत आणि पाहुणे मागून ढकलायला, असा थाट असे. ढकलण्याचा पहिला मान कोणत्या मेव्हण्याचा, यावरून रुसवेही होत. सगळे हसत, पान खात आणि ढकलत.

हे हसणं सगळ्यांना परवडत नाही, ते मला कलाबाई आल्या तेव्हा कळलं.

त्यांचं गाव निंबर्ग्याच्या बाजूला. नाव सांगत नाही. तिथले लोक वाचणारे निघाले तर उगीच पंचाईत. तिथल्या काही घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, त्यांतलंच कलाबाईंचं घर. गावाने ते मोठ्या मनाने घेतलं. म्हणजे धर्म बदलू दिला, वाट बदलू दिली नाही. त्यांच्या नवरदेवाची वरात वेशीतून न येता गावाला वळसा घालून उकिरड्याच्या कडेने यायची. कोणी अडवत नव्हतं, असं सगळे शपथेवर सांगत. तशी पद्धतच होती म्हणे, आणि पद्धत कोणी पाडली हे विचारण्याची पद्धत नव्हती.

कलाबाईंचा मुलगा, श्रीमंत त्याचं नाव, शिकून बिदरला शिक्षक झाला होता आणि त्याचं लग्न ठरलं होतं. कलाबाई थेट गावचे वडीलधारे वीरभद्रप्पा यांच्या कट्ट्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, वरात वेशीतून आणणार. वीरभद्रप्पा उदार माणूस. त्यांनी लगेच परवानगी दिली.

"आन की! आमची कुठं ना हाय? फकस्त गाडी मधी थांबायची न्हाई. बंद पडली, की वळवून मागच्या वाटंनं न्यायची. कबूल?"

वेशीपासून वर मोठा चढ होता, आणि रेवणप्पाची गाडी वीरभद्रप्पांना चांगली ठाऊक होती. त्यांच्याच पुतण्याच्या वरातीत ती त्याच चढावर ढकलत न्यावी लागली होती. असा सगळा विचार करून केलेला उदारपणा मला फार पाहायला मिळालेला नाही.

कलाबाई गॅरेजात आल्या, तेव्हा मी फळीवरून सगळं ऐकत होतो.

"अण्णा, ही गाडी चढावर बंद पडायलीय म्हनं?"

"पडायलीय, पन ढकललं की चालतीय, अक्का," नागप्पा म्हणाला.

"ढकलनार कोन? आमची मान्सं? अन् सारा गाव कट्ट्यावर बसून दात काढनार?"

"मी सुसाट काढतो की," रेवणप्पा म्हणाला. "वेस आली कधी अन् गेली कधी, कुनाला कळनार बी न्हाई."

"न कळू द्यायला माझं पोरगं काय चोरी करून आलंय व्हय? पळून कामून जायाचं? हळू जायाचं. वाजंत्र्याच्या मागं, पावला-पावलानं. समद्यांनी डोळं भरून बघाय पायजे. अन् बंद पडाय न्हाई पायजे."

हळूही जायचं आणि थांबायचंही नाही. मोटारीकडून एवढं शहाणपणाचं काम कोणी मागितल्याचं मला आठवत नाही.

नागप्पाने आधी एक स्क्रू पिळून इंजिनाची चाल वाढवली. गाडी बंद पडेना, पण हळूही चालेना. उधळल्या बैलासारखी पुढे धावू लागली.

"वाजंत्र्यालाच तुडवीव की रं," कलाबाई म्हणाल्या.

आणखी बरंच काही पिळून झाल्यावर, दुसरं काही उरलं नाही म्हणून, नागप्पाने माझ्याकडे पाहिलं. "त्या म्हाताऱ्याला बसवून बघू. गेलं तर गेलं." माझं एवढ्या भरवशाने स्वागत झालं.

वरातीच्या दिवशी मी जागेवर होतो. खरं सांगायचं तर भीतीने गार होतो. लोखंड असल्यामुळे कोणाला संशय आला नाही. रेवणप्पा स्टिअरिंगच्या चक्राशी. मागे पांढऱ्या फेट्यातला श्रीमंत आणि त्याची नवरी. कलाबाई गाडीत बसल्याच नाहीत, बॉनेटला हात लावून शेजारून चालत होत्या. 

वेस ओलांडली. चढ लागला. कट्टा माणसांनी भरलेला होता. उदारपणाचा शेवट बघायला सगळे वेळेवर आले होते.

"आता पडंल बघ."

"आता."

"थांब, त्या दगडापाशी नक्की."

दगड मागे पडला. इंजिन एवढं हळू फिरत होतं की एकेक ठोका वेगळा ऐकू यावा. मी एकेक घोट वाटून देत होतो आणि प्रत्येक घोट शेवटचा वाटत होता.

चढ सर्वांत उभा होतो ती जागा नेमकी वीरभद्रप्पांच्या दारासमोर आहे. तिथे आल्यावर कलाबाईंनी बॉनेटवर थाप मारली.

"थांबीव."

"अक्का, याड लागलं का? थांबायचं न्हाई म्हनलेत!" रेवणप्पा कळवळला.

"थांबीव म्हनते न्हवं."

गाडी थांबली. वीरभद्रप्पा आनंदाने उठून उभे राहिले. "पडली! पडली बंद! वळवा आता!"

"बंद न्हाई पडली, अण्णा. उभी केलीय. कान लावून बघा."

आणि वीरभद्रप्पांनी खरोखर वाकून कान लावला. इंजिन संथपणे चालू होतं. ते सरळ झाले. "पन थांबायचं न्हाई, असं ठरलं हुतं."

"तुमचं ठरलं हुतं. पोराचा फेटा सुटलाय, तेवढा बांधते."

फेटा सुटलेला नव्हता. कलाबाईंनी तो सबंध उलगडला, झटकला आणि घडी-घडीने, सावकाश, पुन्हा बांधला. "आई, बास की," श्रीमंत कुजबुजला. "गप बस. मान सरळ धर," त्या म्हणाल्या. वाजंत्र्यांना काय करावं कळेना, म्हणून ते जास्तच जोरात वाजवू लागले.

फेटा झाला. आता उभ्या चढावर, भरलेली गाडी, जागेवरून उचलायची होती. चार बोटं जरी मागे सरकली असती, तरी त्या गावात पुढची पन्नास वर्षं तेवढंच सांगितलं गेलं असतं. मी सगळ्या शास्त्राची मनात उजळणी केली आणि त्यातलं काहीच खरं वाटेना.

"चल," कलाबाई म्हणाल्या.

क्लच सुटला. इंजिनाचा आवाज खोल गेला, एकदम खोल. मला वाटलं, गेलं. मग चाकं फिरली. पुढे.

महिनाभरात वीरभद्रप्पा सांगू लागले की, वरात वेशीतून आणण्याची कल्पना मूळची त्यांचीच. नातवाच्या लग्नात त्यांनी हीच गाडी, 'तो बारीक पाईप घालून', मागवली आणि स्वतःच्या दारात थांबवून नातवाचा फेटा पुन्हा बांधून घेतला. आता तिथे सगळेच बांधून घेतात. जुनी परंपरा आहे म्हणतात.

त्याला आता बरीच वर्षं झाली. काळी मोटार भंगारात गेली, लग्नाला जीपगाड्या येतात, मी तेलकट फडक्यात गुंडाळलेला फळीवर असतो. परवा आळंदकडून ज्ञानोबा नावाचे गृहस्थ विचारत आले. त्यांच्या गावातली वेस अजून बाकी आहे, त्यांच्या लोकांची वरात अजून मागच्या वाटेनेच येते. नागप्पा म्हणाला, "पाईप हाय, पन आता त्याची गाडी कुठं हाय?" ज्ञानोबा फडकं उघडून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि गेले.

म्हणून ही विनंती. मला वितळवू नका. एखाद्या जीपला बसवून बघा. भोकं जुळणार नाहीत कदाचित. कानशीने वाढवून घ्या, मी ओरडणार नाही. जमेलच, असं मी म्हणत नाही. मी तसं कधीच म्हणालो नव्हतो.