देठाजवळचं भोक

मित्रांनो, मी एक जुनं, तपकिरी, वाळकं पान आहे. माझ्या देठाजवळ एक भोक आहे. मी हिरवं असताना कुठल्याशा अळीने ते पाडलं. तिचं पोट भरलं असेल, तर माझी काही तक्रार नाही. गेली अकरा वर्षं मी प्लास्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये बंद आहे. माझ्या भावंडांची केव्हाच माती झाली आणि मी मात्र अजून तुमच्याशी बोलतं आहे.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या मागच्या अंगणात झाला. आमच्या झाडाखाली दोऱ्यांवर चादरी वाळत असत. पानगळ सुरू झाली तसं मीही सुटलं आणि थेट एका चादरीच्या दुमडीत जाऊन पडलं. चादर तशीच आत गेली आणि मोठ्या गरम रुळांखालून निघाली. माझ्या अंगात होता नव्हता तो ओलावा तिथे संपला. मी सपाट झालं आणि चादरीवर माझा डाग उठला.

त्या धुलाईखान्यात एक ताई होत्या. प्रत्येक चादर खिडकीशी नेऊन उजेडात धरायची आणि भोक, डाग, उसवलेली कड शोधायची, हे त्यांचं काम. त्यांनी मला पकडलं. डागाबद्दल मुकादमाने त्यांनाच चार शब्द सुनावले. ताईंनी ऐकून घेतलं आणि मला फेकून न देता एप्रनच्या खिशात टाकलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ताईंना बरंच काही सांगता येत नसे. वर्षानुवर्षं वाफेत उभं राहून त्यांना धाप लागू लागली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की वाफेतलं काम सोडा. सोडून जायचं कुठे? वॉर्डात मदतनिसाची जागा होती, पण तिथे देशोदेशीचे रुग्ण येत, म्हणून त्या जागेसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा होती. ताई दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी संधी शेवटची होती. लिहायला सांगा, ताई वही भरून लिहीत. बोलायला सांगितलं, की जीभ टाळ्याला चिकटे.

म्हणून त्या संध्याकाळच्या वर्गाला जात. तिथे एक बाई मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. पानगळीच्या दिवसांत बाईंनी सांगितलं, की उद्या प्रत्येकाने एक पान आणायचं. दुसऱ्या दिवशी टेबलावर नुसती रंगांची उधळण झाली. लाल, शेंदरी, सोनेरी. ताईंनी खिशातून मला काढलं आणि हळूच कोपऱ्यात ठेवलं.

"ताई, हे पान आणलंत की पापड?" बेकरीवाले काका म्हणाले. वर्ग हसला. ताईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला त्या दिवशी थोडी लाज वाटली, हे कबूल करतं.

बाईंना आम्ही इतकी आवडलो, की त्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना प्लास्टिकमध्ये बंद करून टाकलं. चूक झाली ती इथे. पानं आधी वाळवावी लागतात. ओली पानं कोंडली गेली आणि पंधरा दिवसांत एकजात काळी पडली. बाई डोक्याला हात लावून बसल्या.

"भट्टीत जास्त वेळ राहिली बहुतेक," काका म्हणाले. "माझेही पाव होतात असे."

मी तेवढं जसंच्या तसं राहिलं. माझं वाळवणं ताईंच्या रुळांनी आधीच उरकलं होतं.

तरीही बाईंनी खेळ रद्द केला नाही. खेळ सोपा होता. एकाने पान निरखायचं, ढिगात परत ठेवायचं आणि इंग्रजीत त्याचं वर्णन करायचं. दुसऱ्याने ऐकून ते शोधून काढायचं. काळ्या पानांपुढे सगळ्यांची पंचाईत झाली. ब्लॅक म्हणून झालं, की पुढे काय बोलणार?

ताईंची पाळी आली. त्यांनी मला उचललं आणि गप्प उभ्या राहिल्या. मग सवयीने त्या खिडकीशी गेल्या आणि मला चादरीसारखं दोन्ही हातांनी उजेडात धरलं.

"वन होल," ताई म्हणाल्या. "स्मॉल. नियर द स्टेम. नो स्टेन. लेफ्ट साइड, एज टोर्न. लिटल टोर्न."

मग मला ढिगात ठेवायचंही विसरून त्या माझ्या एकेका शिरेबद्दल बोलत राहिल्या. बाईंनी अडवलं नाही. काकांनी शोधायचं ते काय, मी ताईंच्या हातातच होतं.

"आमच्याकडे म्हणतात ना," काका म्हणाले, "बोलणाऱ्याचा कोंडाही विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. ताई, तुमचे गहू आज बाजारात आले."

परीक्षा मी पाहिली नाही. ताईंनी वर्गात येऊन सांगितलं तेवढंच मला माहीत. परीक्षकांनी एका बागेचं चित्र दिलं. ताईंनी ते खिडकीकडे उंच धरलं आणि डावीकडून उजवीकडे वाचत गेल्या. परीक्षकांना शेवटी त्यांना थांबवावं लागलं. ताई पास झाल्या.

"बाई, हे पान मला द्या ना," त्या म्हणाल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं काम झालं, ताई. उद्या कुणाची तरी अशीच दातखिळी बसेल. त्याला लागेल."

ताईंना वाईट वाटलं. मलाही वाटलं.

पुढची काही वर्षं बाईंनी मला पानगळ आली की खालच्या खणातून बाहेर काढलं. मग बाई निवृत्त झाल्या, नव्या मॅडम आल्या आणि भिंतीवर मोठा पडदा आला. पडद्यावरची पानं काळी पडत नाहीत. मी त्याच खणात एका पाकिटात पडून राहिलं. माझ्या प्लास्टिकची कड सुटू लागली. चार पानगळी तशाच गेल्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

आज वर्गात एक नवी विद्यार्थिनी आली. रुग्णालयाच्या धुलाईखान्यातली, हे तिच्या वाफेने सुरकुतलेल्या बोटांवरून मला नंतर कळलं. मॅडमनी नाव विचारलं, ती गप्प. गाव विचारलं, गप्पच. मॅडम पडद्याकडे वळणार, इतक्यात ती उभी राहिली. पाठ केलेलं होतं, पण आवाज तिचा होता.

"प्लीज, मॅडम. बॉटम ड्रॉवर. वन लीफ. ब्राउन. वन होल, नियर द स्टेम. लेफ्ट साइड, लिटल टोर्न."

मॅडमना काही कळेना. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वॉर्डातल्या ताईंनी," ती म्हणाली. "म्हणाल्या, तोंड उघडेना तर ते मागून घे."

मॅडमनी खण उघडला, पाकीट झटकलं. बाहेर काळी पानं पडली आणि त्यांत मी. त्यांनी भोक पाहिलं, डावी कड पाहिली. एवढ्या वर्णनावर मी सापडलं.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकू नका असं मी म्हणणार नाही. खण भरतात, ते मलाही कळतं. फक्त टाकण्याआधी ती एकदा उजेडात धरा. आता मला जास्त बोलता येणार नाही. ती मला घेऊन खिडकीशी निघाली आहे.