चूल धाकट्याची

“अहो, भाऊजी आईंना इथं ठेवूनच जाणार का?” महानगर नावाच्या वस्तीतल्या घराच्या दारात पद्मिनीनं नवऱ्याला अडवलं.

हेमचंद्रला तेच तर ठाऊक नव्हतं. वर्ध्याहून धाकट्या मोहननं पीसीओवरून एवढंच कळवलं होतं: “दादा, आईला घेऊन येतोय. स्टेशनवर ये.”

हेमचंद्र लखनौच्या कॉलेजात मंगोलांचा इतिहास शिकवी. वडील गेले तेव्हा तेराव्याच्या पंगतीत आईला कोण सांभाळणार, हा विषय निघाला. यानं घास गिळून दाखला दिला: “मंगोलांत थोरल्यांनी दूरचे मुलूख घ्यायचे, बापाची चूल धाकट्यानं राखायची.” मामांनी माना डोलावल्या. शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं; स्वतःची सोय तो सातशे वर्षांपूर्वीच्या खानाच्या नावावर घालतो.

ऑटोत त्यानं सबबी जुळवल्या. इथली थंडी. जिना. लेकीची, मुक्ताची, बोर्डाची परीक्षा.

“भाईसाहब, किससे बात कर रहे हैं?” ऑटोवाल्यानं विचारलं.

चारबाग स्टेशनवर मोहननं आईला बाकावर बसवून तिच्या हातात चहा दिला.

“दादा, तुझे मंगोल मीही वाचले हं. लायब्ररीतून आणून. धाकट्या अरिक बुकानं चूल राखली, अन् थोरला कुबलाई फौज घेऊन आला. हे नाही सांगितलंस पंगतीत!”

“तो सत्तेचा प्रश्न होता रे...”

“शेवटी धाकटा शरण आला. थोरल्यानं विचारलं, न्याय कोणाच्या बाजूला होता? तो म्हणाला, तेव्हा आमच्या, आज तुमच्या.” मोहन हसला. “हुशार गडी!”

आज तुमच्या! हेमचंद्रनं ताडलं: आता हा आईला पुढं करणार.

“मोहन, इथं थंडी फार, म्हणजे आईच्या वयाला...”

“दोन दिवसांत कुठली थंडी बाधते? नजर चाललीय तिची. पूर्ण जायच्या आत दादाचं घर बघायचं म्हणाली. परवाची परतीची तिकिटं आहेत.”

“दोघांची?” विचारून गेला, मग जीभ चावली.

आई चहा फुंकत होती. “मीच म्हटलं याला, आधी परतीचं काढ. नाहीतर हेमू घाबरायचा.”

हमाल पुढं आला, तर त्याला “नहीं भैया” म्हणून बाजूला सारत हेमचंद्रनं आईची पिशवी स्वतःच उचलली. बराच जोर लावला होता त्यानं. पिशवी इतकी हलकी निघाली, की त्याचा तोल गेला.